कामगाराला घर देणारं शहर

पिंपरी-चिंचवडला 'पुण्याचं उपनगर' म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. आमच्या गाडीवरची एमएच-14 ची पाटी बघून सिग्नलला नाक मुरडणारे पुण्याचे एमएच-12 वाले आता अंगवळणी पडलेत. माझं भांडण आहे ते आमच्याच लोकांशी. मेट्रो, ग्रेड सेपरेटर, भक्ती-शक्ती शिल्पाजवळचा 107 मीटर उंच ध्वजस्तंभ यांचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ टाकायचे आणि खाली लिहायचं, 'कुठच्या कुठे गेलं आपलं शहर!' अहो, गेलं खरं. पण या शहराची खरी कमाई कोणती होती?

माझ्या मते एकच. इथे मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर व्हायचं.

1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, आपली एचए. त्याआधी इथे मोरया गोसावींची समाधी आणि चापेकरांचा वाडा असलेलं चिंचवड, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा पिंपरी कॅम्प आणि बाकी शेतीवाडीची गावं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज, बजाज टेम्पो अशी कारखान्यांची रांगच लागली. 1970 ला नगरपालिका, 1982 ला महापालिका. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली होती. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश, कोकण, शिवाय केरळ. चाळीच्या एका जिन्यात अर्धा देश राहायचा.

आमच्या घरचं कॅलेंडरच वेगळं होतं. वडिलांना सुट्टी गुरुवारी, आमची शाळा बंद रविवारी. विजेच्या नियोजनासाठी इथल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असायची आणि अख्ख्या गावाचा आठवडा त्यावर चालायचा. मटण गुरुवारी, पाहुणे गुरुवारी. वडिलांची नाइट असली की दुपारी आम्ही भावंडं घरात कुजबुजत बोलायचो, कुकरची शिट्टीसुद्धा आई चमच्याने दाबून धरायची. फर्स्ट शिफ्ट सुटली की टेल्को रोडवर सायकली आणि कंपनीच्या बसची अशी गर्दी व्हायची की रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागायची. मुलगी दाखवताना पहिला प्रश्न असायचा, 'परमनंट आहे ना?'

त्या एका शब्दावर सगळं उभं होतं. परमनंट झाला की पतपेढीचं कर्ज मिळायचं, पीएफमधून उचल घेता यायची, आणि चार सहकारी मिळून सोसायटी काढायचे. शाहूनगर, संभाजीनगर, यमुनानगर हे भाग फिरून बघा. गेटवरच्या जुन्या नावांत कितीतरी ठिकाणी कंपनी सापडेल. हे आपोआप झालं असं मात्र कुणी समजू नये. त्यामागे युनियनचे करार होते, संप होते. 1989 मध्ये टेल्कोचे कामगार युनियन नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी रातोरात त्यांना उचललं, ते आजही लोक सांगतात.

सरकारनेही 1972 मध्ये कामगारांच्या घरांसाठी म्हणून नवनगर विकास प्राधिकरण काढलं. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, पेठा आखल्या. पण आखलेल्या पेठा वर्षानुवर्षे तशाच पडून राहिल्या. घरं हवी होती आज, प्राधिकरण चाललं होतं बैलगाडीने. मग कामगारांनी काय करावं? थेरगाव, वाल्हेकरवाडी, चिखलीत शेतकऱ्याकडून गुंठा, अर्धा गुंठा घेतला, स्टँपपेपरवर सही केली आणि बांधलं. पुढे हीच घरं 'अनधिकृत' झाली. घरपट्टीच्या दुप्पट शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, लागला, तो माफ व्हायला 2023 उजाडलं. तिकडे मूळ शेतकरी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी मुंबईच्या चकरा मारत राहिला. 2021 मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं. ज्याची जमीन गेली तो नाराज, ज्याच्यासाठी घेतली तो बेकायदेशीर. याला नियोजन म्हणायचं तर म्हणा.

आणि आता? बजाजने आकुर्डीतलं उत्पादन 2007 मध्येच थांबवलं. नवे मोठे कारखाने चाकण-तळेगावच्या बाजूला गेले. आपल्याकडच्या बंद कारखान्यांच्या जागांवर 'आय टू आर', म्हणजे औद्योगिक जागेची निवासी होऊन टॉवर उभे राहताहेत, त्यात हिंजवडीला जाणारी मंडळी येताहेत. येऊ देत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आज बीडहून किंवा नांदेडहून आयटीआय करून आलेल्या पोराचं बघा. तो ठेकेदाराकडे लागतो, सहा-सात महिन्यांनी कामावरून ब्रेक मिळतो, पुन्हा दुसऱ्या गेटवर उभा राहतो. राहतो कॉट बेसिसवर, एका खोलीत पाच-सहा जण. एका कॉटवर दिवसा नाइटवाला झोपतो, रात्री फर्स्टवाला. माझ्या वडिलांपेक्षा हा पोरगा जास्त शिकलाय, सीएनसीवर प्रोग्रॅम लावतो, पण बँकेने दारात उभं करावं अशी एकही स्लिप त्याच्या खिशात नाही.

लहान कारखानदाराचंही फार वेगळं नाही. भोसरीत दोन लेथ टाकून जॉबवर्क करणारा माणूस ड्रॉइंगवरच्या मायक्रोनची चिंता करतो, आणि रात्री बिल कधी निघेल याची. कुदळवाडीत 2025 च्या फेब्रुवारीत बुलडोझर फिरला. भंगाराच्या आगी आणि धुराने तिथे लोक हैराण होते हे खरंच, कारवाईला माझा सरसकट विरोध नाही. पण त्यात स्क्रॅपवाल्याबरोबर वर्कशॉपवालाही झोपला, त्याने मशीन कुठे न्यायचं?

पाण्याचं तर बोलूच नका. 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आणि टॉवरला परवानग्या रोज. पवना धरणातून शहराला पाणी आणायच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना 2011 मध्ये मावळात पोलिसांचा गोळीबार होऊन तीन शेतकऱ्यांचे जीव गेले, तरी आम्ही गाडी धुतो पाइप लावून.

माझं मागणं मोठं नाही. कारखान्याची जागा निवासी करायची परवानगी देताना तिथला एक हिस्सा भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवा. मालकीची नकोत, भाड्याचीच, शिफ्टवाल्या पोरांना परवडतील अशी, आणि ठेकेदाराच्या नव्हे तर महापालिकेच्या ताब्यात. एकेकाळी जकातीच्या जोरावर आशियातली सगळ्यात श्रीमंत म्हणवून घेणारी महापालिका आहे ही. मतं मागायला दारात येणाऱ्यांपैकी एकाने तरी या विषयावर तोंड उघडलं, तर त्याचा पक्ष न बघता मी त्याच्या प्रचाराला जाईन.