बोंडअळीला बीटीची सवय झालेली नाही

कपाशीचा हंगाम आला की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: बीटीचं, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्याने कपाशीतच तयार होणारं, विष खाऊन खाऊन गुलाबी बोंडअळीला त्याची सवय झाली, विषानेच तिची जनुकं बदलली, कुठलंही तंत्रज्ञान आणलं तरी हे होणारच होतं, आणि रेफ्युजीचं, म्हणजे बीटीशेजारी लावायच्या साध्या कपाशीचं, बियाणं लावणं म्हणजे आपल्याच रानात अळ्या पोसणं. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात ज्यांची बोंडंच्या बोंडं किडली, त्यांची चीड मला समजते. पण यातलं निदान चुकीचं आहे, आणि त्यावर बेतलेला शेवटचा सल्ला तर सरळ नुकसानीचा.

आधी सवयीचं बघू. अळी बोंडात शिरून सरकी खाते. सरकीतलं क्राय-१-एसी हे बीटीचं विषारी प्रथिन तिच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. थोडं थोडं खाऊन पचवायला शिकावं इतकी सवड तिला मिळतच नाही. समजा एखादी निबर झालीच, तरी ते निबरपण अंड्यात उतरत नाही. जी वाचते ती जन्मतःच वेगळ्या घडणीचं कॅडहेरिन घेऊन आलेली असते. तिच्या पिल्लांतही ते येतं आणि बाकीच्या मरत राहतात. कुठलीही एक अळी बदललेली नसते. बदलतं ते रानातल्या अळ्यांमधलं अशा जनुकाचं प्रमाण, पिढीमागून पिढी.

मग ते जनुक आलं कुठून? विषाने घडवलं नाही. डीएनएची नक्कल होताना चुका होतच असतात, विष असो वा नसो. जिवाणूंच्या बाबतीत लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं की विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडण्याआधीच तयार झालेले असतात. बोंडअळीतही खूण तीच. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिनचं जनुक एकाच ठरलेल्या जागी नाही, वेगवेगळ्या जागी मोडलेलं सापडलं. विषाच्या हुकमाने बदल झाला असता तर इतके प्रकार का निघाले असते?

‘होणारच होतं’ हा मुद्दा मात्र सावकाश बघण्यासारखा आहे, कारण दोन देशांत त्याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी कपाशी १९९६ पासून. १९९७ मध्ये तिथल्या रानातल्या अळ्या तपासल्या, तर प्रतिकारक जनुकाचं प्रमाण ०.१६ च्या आसपास, म्हणजे जनुकाच्या शंभर प्रतींत सोळा, असल्याचा अंदाज निघाला. शास्त्रज्ञ धास्तावले. पण पुढच्या दोन वर्षांत ते वाढलं नाही. भारतात बीटी २००२ मध्ये आलं. मार्च २०१० मध्ये बीटी तंत्रज्ञान आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच मान्य केलं की गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत अळी एका जनुकाच्या बीटीला जुमानत नाही. २००६ मध्ये आलेलं दोन जनुकांचं बीटीही पुढच्या दशकभरात निष्प्रभ झालं. अळी तीच, विष तेच.

फरक पडला तो वीण कुणाशी होते यात. हा प्रतिकार बहुतांशी अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळालं तरच अळी बीटीवर नीट जगते. शेजारी साधी कपाशी असेल तर तिच्यावर वाढलेले असंख्य साधे पतंग या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि होणारी पिल्लं बीटीवर मरतात. रेफ्युजीच्या ओळी त्यासाठी होत्या. तिथे अळ्या पोसायच्याच होत्या, अगदी मुद्दाम! ॲरिझोनाने ते पाळलं, २००६ पासून नापीक केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबतचं १२० ग्रॅमचं पाकीट बहुतेकदा बांधावरच राहिलं. ते बियाणं धड नसायचं ही अनेकांची तक्रार होती, तेव्हा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणंही मला पटत नाही.

हिरव्या बोंडअळीकडे पाहिलं की हे आणखी उघड होतं. ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळ्यांवर जगते, म्हणून तिच्यासाठी साधं पीक आपोआपच रानोरान होतं. तीही बीटी खातच होती, पण गुलाबीसारखी हाताबाहेर गेली नाही. गुलाबीचा संसार जवळपास निव्वळ कपाशीवर.

आपली बीटी वाणं संकरित, हाही घोळ. झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असेल तर बोंडातली साधारण पाव सरकी त्याविनाच राहते, आणि सरकीमागून सरकी खाणाऱ्या अळीला अर्धवट मात्रा मिळते. वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक रानात राखलं, की अळीच्या जास्तीच्या पिढ्या निघतात.

चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात संकरित वाणांच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं गेलं. त्यात पाव झाडंच्या झाडं बिनबीटी निघाली, म्हणजे आपोआप रेफ्युजीच झाली, आणि वाढू लागलेला प्रतिकार उलट घटला. आपल्याकडे प्रतिकारक जनुकं आता इतकी पसरली आहेत की नुसत्या रेफ्युजीने ती मागे हटणार नाहीत. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था फरदड टाळा, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाट्या (वाळलेली झाडं) रानात ठेवू नका आणि मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावा असं सांगते. अळीला काही महिने कपाशीच मिळाली नाही, तर तिचं जनुक कुठलंही असो, उपासमार सारखीच होते.