मोबाईल आला म्हणून सोसायटी मोडायची?

काजूचा हंगाम आला की आमच्या गोव्यातल्या फोंडा-सत्तरीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "आता हातात मोबाईल आहे. माल थेट गिऱ्हाइकाला विका, दलाल आणि सोसायटी दोघांनाही हाकला. जीआय मिळालाय, भाव आपोआप चढेल." सोसायटी म्हणजे आम्हा शेतकऱ्यांची सहकारी संस्था, आणि जीआय म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावू देणारी सरकारी नोंदणी. यंदा हा मेसेज मला चौघांनी धाडला. त्यांतला एक स्वतः सोसायटीचा सभासद!

थेट विक्रीचं म्हणणं अर्धं खरं. खोल गावची मिरसांग, म्हणजे मिरची, सुकवून पाव-पाव किलोने विकणाऱ्या बाईला फोन आणि यूपीआय कामाचेच. पण काजूबिया पोत्यांनी निघतात, आणि कच्च्या बियांचं पोतं कुठलं घरगुती गिऱ्हाईक मागवणार? त्या शेवटी कारखान्यातच जातात. तिथे एकेकट्याने फोन केला तरी भाव समोरचाच ठरवणार. शिवाय बाजारभाव आणि आधारभूत किंमत यांतला फरक सरकारकडून घ्यायचा तर संस्थेला माल घातल्याची पावती लागते.

सोसायटी म्हणजे दलालच? दलालाच्या दुकानात तुम्हाला मत नसतं. सोसायट्या धुतल्या तांदळासारख्या असतात असं मी म्हणत नाही. पण वार्षिक सभेत हिशेब विचारायचा तर जेवणाच्या आधी पोहोचावं लागतं.

जीआयचं तर उलटंच आहे. काजू फेणीला तो २००९ मध्येच मिळाला. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी एकट्या माणसाच्या नावावर होत नाही. उत्पादकांची संघटना किंवा सरकारी यंत्रणा लागते. मग प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळं नाव नोंदवायचं, दर दहा वर्षांनी नूतनीकरण करायचं, नकली माल धरायचा. ज्याच्या जोरावर संस्था मोडा म्हणतात, ते संस्थेशिवाय उभंच राहत नाही.

महाराष्ट्रातल्या वारणा साखर कारखान्याच्या भागाचं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांत संगणक केंद्रं निघाली. उसाच्या नोंदी, वजनं गावातच कळू लागली. पुढे काही गावांत संगणकाची जागा साध्या मोबाईलच्या एसएमएसने घेतली. यंत्र बदललं, पण मागे सहकारी कारखाना होता. विचारण्याजोगी माहिती त्याच्याकडेच होती.

हे ग्रुपवर लिहिलं तर एकाने विचारलं, "मग मोबाईल कशाला रे?" पोतं काट्यावर चढलं की वजन आणि त्या दिवसाचा दर लगेच सभासदाच्या फोनवर यावा म्हणून. तसा अर्ज मी लिहून ठेवलाय. सह्या हव्यात.