आधी दस्तक, मग दशावतार

गावच्या जत्रेतला दशावतार मोबाईलवर घ्यायचा आणि त्याच रात्री इंटरनेटवर चढवायचा, म्हणजे रजा न मिळालेल्या लालबाग-विरारच्या चाकरमान्यांनाही तो बघता येईल, असा परोपकारी विचार तुमच्या डोक्यात असेल तर तो आधी काढून टाका. पायरसीमुळे चित्रपट उद्योगाचं दरवर्षी 20 हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारनं 2023 मध्ये सांगून ठेवलंय. त्यात आपल्या वाडीचा हात असता कामा नये. हा आकडा आला कुठून, असं विचारू नका. उलट हिशेबाला हातभार लावा. शेजारच्या आबांनी टेलिग्रामवर आलेला सिनेमा अर्धा बघितला आणि ते घोरायला लागले? मग लिहून द्या, की हा सिनेमा फुकट आला नसता तर आबा, आबांची मंडळी आणि दोन नातवंडं एसटी पकडून मल्टिप्लेक्सला गेली असती, चार तिकिटं काढली असती आणि वर पॉपकॉर्नही घेतलं असतं.

सिनेमा चोरू नये हे मलाही मान्य आहे. मराठी निर्मात्याचा सिनेमा शुक्रवारी लागतो, शनिवारी फोनाफोनांतून फिरतो आणि तो माणूस खरोखरच बुडतो. पण चोराला माझ्या सल्ल्याची गरज नाही, त्याचं सगळं व्यवस्थित चाललंय. सल्ला लागतो तो तुमच्यासारख्या साध्या माणसाला.

तर दशावतार. कथा पुराणातली, नट गावातले, संवाद जागच्या जागी सुचलेले. इथं मालकी हक्क येतोच कुठे, असं तुम्हाला वाटेल. येतो. ट्रिकसीनमध्ये धुरातून राक्षस बाहेर पडतो, पेटीवाल्या बुवांना हुक्की येते आणि ते एका जुन्या हिंदी गाण्याची चाल लावतात. समोर बसलेल्या गावाच्या ते लक्षातही येत नाही, पण यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्राच्या येतं. सकाळी उठून बघता तर व्हिडिओवर कुठल्या तरी म्युझिक कंपनीचा दावा. डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं, तर विचारूच नका. तिथं कितीतरी गजरांच्या चाली सिनेमाच्या असतात, आणि त्यातल्या काही चाली सिनेमावाल्यांनी कुठल्या लोकगीतातून उचलल्या, हे यंत्राला कोणी शिकवलेलं नसतं.

दाव्याला उत्तर देता येतं, असं कोणी सांगेल. ऐकू नका. यूट्यूबच्याच अहवालाप्रमाणे 2021 च्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या यंत्रानं 72 कोटींहून जास्त दावे लावले. त्यांतल्या शंभरातल्या एकालाही कोणी हरकत घेतली नाही. ज्यांनी घेतली, त्यांतले 60 टक्के जिंकले. म्हणजे भांडलं तर बरेचदा जिंकता येतं, पण भांडतो कोण? प्रकरण वाढून 90 दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाचे शेरे, बसले की सगळं चॅनेल जातं, आजीच्या घावन्यांच्या रेसिपीसकट. म्हणून आपल्याला जमतं तेच करा. नारळ ठेवा आणि गाऱ्हाणं घाला: 'बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान पाच मिनटांचो व्हिडिओ टाकल्यान. त्येच्यार कोणी क्लेम घातलेलो आसात, कोणाची नजर लागलेली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!' मागून चारजणांनी 'होय म्हाराजा' म्हणावं. वकिलापेक्षा स्वस्त पडतं.

कायदा वाचायची खोड असेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 वाचा. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाला जोडून असलेले समारंभ यांत गाणं वाजवलं तर तो भंग नाही. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभात वाजवलं तरीही नाही. कायदा करणाऱ्यांनी आपल्या मांडवापुरती सावली आधीच धरून ठेवली आहे. तेव्हा राक्षसाच्या प्रवेशाआधी रंगमंचावरून एक वरात नेता आली तर बघा, किंवा जत्रा ही ग्रामपंचायतीचा अधिकृत समारंभ आहे असा ठराव करून घ्या. फार लांब मात्र जाऊ नका. शेजारच्या गोवा सरकारनं लग्नाच्या सवलतीबद्दल एक परिपत्रक काढलं होतं, ते ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. आणि सवलत मांडवातल्या वाजवण्याला आहे. तीच वरात मोबाईलमध्ये शिरून इंटरनेटवर निघाली की नवरदेव आपल्या जबाबदारीवर.

थिएटरात बसून सिनेमा मोबाईलवर उतरवायचा मोह होत असेल, तर 2023 ची सिनेमॅटोग्राफ कायद्यातली दुरुस्ती पाठ करा. तीन महिने ते तीन वर्षं कैद. दंड कमीत कमी 3 लाख आणि जास्तीत जास्त सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या 5 टक्के, तोही लेखापरीक्षित. इथं जरा पाटी-पेन्सिल घ्या. एखाद्या गरीब निर्मात्यानं 40 लाखांत मराठी सिनेमा काढला, तर त्याचे 5 टक्के होतात 2 लाख, म्हणजे जास्तीत जास्त दंड कमीत कमी दंडापेक्षा लाखभरानं कमी. 60 लाखांच्या आतल्या प्रत्येक सिनेमाची हीच गत. कायदा लिहिताना मराठी सिनेमा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता हे उघड आहे. पण त्याच्याच रक्षणासाठी हा कायदा केला, असं भाषणात सांगितलं तर टाळी वाजवा.

आता साइट ब्लॉक होण्याचं. याबाबतीत कोकणी माणूस भाग्यवान. पावसात टॉवर जातो, वीज जाते, घाटात दरड येते, खोदकामात केबल तुटते. मग एखादी साइट उघडली नाही तर ती न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली की रेंज गेली, हे कळायला मार्गच नाही. पुण्या-मुंबईची माणसं अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या नावानं ओरडतात, तेव्हा आपण फोन घेऊन काजूच्या टेकाडावर चढतो.

टेकाडावरही उघडलं नाही, तर इतिहास आठवा. 2012 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं दोन सिनेमांसाठी अज्ञात चोरांविरुद्ध आदेश दिला, तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशा साइटच्या साइटच बंद करून टाकल्या. शेवटी न्यायालयालाच सांगावं लागलं, की बाबांनो, जिथं चोरी आहे तेवढाच पत्ता बंद करा. 2016 मध्ये बंद साइटवर पाटी झळकू लागली, की इथला मजकूर नुसता पाहिलात तरी तीन वर्षांची कैद होऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. पण तोवर कितीजणांनी घाबरून खिडक्या लावून घेतल्या असतील! 2017 मध्ये पुन्हा मद्रास, पुन्हा दोन सिनेमे, आणि 2,650 पत्त्यांच्या यादीत सापडलं इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे जगभरच्या जुन्या वेबपानांचं आणि पुस्तकांचं फुकट ग्रंथालय. मासेमारीच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती असावा याचेसुद्धा नियम आहेत, पिल्लं सुटावीत म्हणून. या जाळ्याला आसच नाही.

बरं, मोठे मासे? ते साइटच्या नावातलं एक अक्षर बदलून संध्याकाळपर्यंत पुन्हा हजर. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं 2019 मध्ये तोड काढली. त्याच साइटचा नवा अवतार निघाला, तर नवा दावा न लावता त्याचं नाव जुन्याच यादीत घालायचं. नोव्हेंबर 2023 पासून तर माहिती व प्रसारण खात्यानं 12 नोडल अधिकारी नेमलेत. तक्रार खरी वाटली की 48 तासांत मजकूर हटवायचा, न्यायालयाची पायरी चढायचीही गरज नाही. सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला तुम्ही किती हेलपाटे घातलेत ते आठवा. सरकारला वेगानं काम करता येतं, फक्त तक्रारदार योग्य हवा.

अमेरिकेतल्या लोकांचा आदर्श घेऊ नका. तिथं सोपा आणि पिपा नावांची दोन पायरसीविरोधी विधेयकं आली, तर 18 जानेवारी 2012 रोजी इंग्रजी विकिपीडियानं दिवसभर आपली पानं काळी केली, लोकांनी खासदारांना फोन करकरून हैराण केलं, आणि विधेयकं बासनात गेली. आपल्याकडे जुलै 2023 च्या अखेरीस दुरुस्ती दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानं पार पडली. सभ्यपणे. तसंही आपल्या किनाऱ्याला अनुभव आहे. 2012 मध्ये पालघरच्या एका मुलीनं बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्या लाइक केल्या, तर दोघींना अटक झाली. त्यासाठी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये रद्द केलं. मधली सव्वादोन वर्षं लाइक जपून करायची होती.

तुम्ही अलिबाग ते विजयदुर्ग पट्ट्यातले असाल तर जास्तच जपा, तुमच्यावर जुना संशय आहे. या समुद्रात पोर्तुगीज परवाना विकायचे, आणि ज्या गलबताकडे तो नसेल ते जप्त व्हायचं. कान्होजी आंग्र्यांनी म्हटलं, समुद्र आमचा तर दस्तक आमचं. त्यांनी स्वतःचे परवाने द्यायला सुरुवात केली, आणि इंग्रजांच्या दफ्तरात ते चाचे ठरले. पुढे फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी चाचेगिरी निपटायला म्हणून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, पेशव्यांच्या संगनमतानं, आणि आत सापडलेली लूट आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना वाटा मिळाला नाही. पायरसीविरोधी मोहिमेत सामील होताना वाटपाचं आधी बोलून घ्यावं, ही सूचना मराठी निर्मात्यांसाठी.

एक अभ्यासू वाचकासाठी. समजा तुम्ही मत्स्य महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलात आणि आता घरची होडी बघता. बांगडा का कमी झाला यावरचा शोधनिबंध तुम्हाला हवाय. बांगडा आपल्या समुद्रातला, संशोधनाला पैसा बरेचदा करदात्यांचा, निबंध मात्र परदेशी प्रकाशकाच्या कुलपात, आणि एकाची किंमत दोन-तीन हजार रुपये. हे निबंध फुकट देणारी साय-हब ही साइट दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानं ऑगस्ट 2025 मध्ये बंद झाली. सरकारनं सहा हजार कोटींची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना आणली आहे, पण ती सरकारी संस्थांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी. होडीवरच्या माणसाला त्यात लॉगिन नाही. तुम्ही पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घ्या. तेही जमत नसेल, तर निबंधाच्या वर आठ-दहा ओळींचा सारांश असतो, तो वाचा. तेवढा अजून फुकट आहे.