काहीही न करणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूने

दादाने घरच्या ग्रुपवर एक मजकूर पुढे ढकलला. इंग्लंडमध्ये कॅन्सर झाला तरी सरकार औषध देत नाही, पेशंटला वर्षानुवर्षं नुसतं बसवून ठेवतात; आपल्याकडे मात्र आज बायोप्सी, परवा रिपोर्ट, सोमवारी केमो. शेवटी तिरंगा आणि जोडलेले हात. त्याखाली दादाचं स्वतःचं वाक्य: ‘बघ गं, तुझीच केस.’ एरवी कोणाच्या वाढदिवसालासुद्धा जागा न होणारा तो ग्रुप, पण अंगठ्यांची रांग लागली.

माझी केस अशी आहे. मला फॉलिक्युलर लिम्फोमा आहे, म्हणजे लसिकाग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर. मानेत, काखेत आणि पोटात गाठी आहेत आणि त्यावर मी कुठलंही औषध घेत नाही. ठरल्या तारखेला रक्त तपासतात, गाठी चाचपतात, रात्री कपडे भिजतील इतका घाम येतो का, कारण नसताना वजन उतरलं का, ताप येतो का, हे विचारतात आणि पुढची तारीख देतात. मधल्या काळात मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नोकरी करते, मंगळवारी कचऱ्याचे बिन्स बाहेर काढते आणि दादाचे मेसेज वाचते.

आम्ही मिरजेचे. डॉक्टर वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मिशनचं इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून आमचं गाव सतारी आणि इस्पितळं यांवर जगतं. कोणत्या दुखण्याला कोणता डॉक्टर, हे स्टेशनबाहेरचा रिक्षावाला सांगतो. अशा गावातल्या माणसाला ‘डॉक्टरने काहीच केलं नाही’ हे वाक्य पचत नाही. डॉक्टरकडे गेलात तर निदान सलाईन तरी लागली पाहिजे. रिकाम्या हाताने परत आलात तर डॉक्टर बेकार किंवा तुम्ही कंजूष.

ग्रुपवर लिम्फोमा म्हणजे एकच काहीतरी आहे. प्रत्यक्षात त्यात ऐंशीच्या वर प्रकार मोडतात, आणि त्यांचं वागणं इतकं वेगळं असतं की सगळ्यांना एका नावाखाली आणणं म्हणजे मांजर आणि वाघ एकाच दावणीला बांधणं. हॉजकिनचा एक. तो १८३२ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या थॉमस हॉजकिनने मांडला, आणि आज बहुतेकांचा बरा होतो. झपाट्याने वाढणारा मोठ्या बी-पेशींचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दुसरा. भारतात सगळ्यांत जास्त दिसतो तो हाच, आणि तोही पुष्कळांचा बरा होतो. आमच्या गल्लीत ज्यांना ‘लिम्फोमा झाला’ म्हणून ऐकलं, त्यांना बहुधा हाच होता. केस गेले, सहा सायकल झाल्या, पुढच्या वर्षी माणूस गणपतीत ताशा वाजवत होता. म्हणून दादाच्या डोक्यात लिम्फोमाचं चित्र म्हणजे ताबडतोब केमो आणि मग ताशा.

माझा प्रकार भारतात त्या मानाने कमी दिसतो, इकडे जास्त. तो हळू वाढतो. इथेच सगळ्यांची गाडी अडते: जो वेगाने वाढतो तो बरा होऊ शकतो आणि जो हळू वाढतो तो सहसा मुळापासून जात नाही. बहुतेक केमो विभाजन होत असलेल्या पेशींवर जास्त चालते. माझ्या पेशी आळशी आहेत, मरायचं विसरून नुसत्या साठत राहतात. औषधाने गाठी वितळतात, काही वर्षांनी परत येतात. पण लोक या आजारासोबत वर्षानुवर्षं राहतात आणि कित्येकदा शेवटी दुसऱ्याच कशाने जातात.

मग त्रास नसताना औषध आधी द्यावं की नंतर? हे या देशाने गंभीरपणे तपासलं. त्रास नसलेल्या, पण आजार पसरलेल्या ३०९ जणांपैकी निम्म्यांना लगेच क्लोरॅम्ब्युसिल हे केमोचं औषध दिलं आणि निम्म्यांना लक्ष ठेवून थांबवलं. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा आयुष्यमानात फरक नव्हता. थांबलेल्यांपैकी जवळपास पाचातल्या एकाला दहा वर्षांनंतरही केमो लागली नव्हती. नंतर रिटक्सिमॅब आलं, नेमकं बी-पेशींना धरणारं औषध. ते आधी दिलं तर पुढचे उपचार लांबतात, हे २०१४ मध्ये दिसलं. माणूस जास्त जगतो, असं मात्र दिसलं नाही. मलाही विचारलं होतं, आठवड्याला एक असे चार डोस घेता, की थांबता? थांबते, म्हणाले. सरकारने पैसे वाचवले नाहीत, दादा. मी ‘नको’ म्हटलं.

हे मी ग्रुपवर लिहिलं. मामेभावाचं उत्तर आलं: ‘सदाफुलीची पानं चाव, उपाशीपोटी.’

सदाफुली! आमच्या परसात तुळशीपेक्षा जास्त होती. आणि गंमत म्हणजे तो अगदीच हवेत बोलत नव्हता. तिचा पाला मधुमेहावर चालतो असं ऐकून पन्नासच्या दशकात कॅनडात त्याचा अर्क प्राण्यांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून विनब्लास्टिन मिळालं, पाठोपाठ विनक्रिस्टिन, आणि विनक्रिस्टिन आजही लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोत असतं. पण पानात ते इतकं नावापुरतं असतं की ढीगभर पाल्यातून चिमूटभर हाती लागतं, आणि पाला चावला तर बाकीचं विष फुकट. पानाचं औषध व्हायला प्रयोगशाळा लागली, हे आमच्याकडे कोणी सांगत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर लिंबूपाणी, हळद आणि कडुनिंबाने हटला असं सांगितलं, तेव्हा टाटाच्या डॉक्टरांना सह्या करून जाहीर पत्रक काढावं लागलं की बाबांनो, असं काही सिद्ध झालेलं नाही, उपचार टाळू नका. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमो झालेलीच होती. आमच्या ग्रुपवर लिंबूपाणी आलं, पत्रक आलं नाही.

बरं, ‘आज बायोप्सी, सोमवारी केमो’ हेही तपासू. ज्याच्याकडे विमा आहे किंवा विकायला प्लॉट आहे, त्याच्यासाठी ते खरं आहे. बाकीच्यांसाठी परळ आहे, टाटासमोरचा फूटपाथ आहे, दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. आणि बायोप्सीच्याही आधीचे महिने कुठे जातात? मानेत गाठ दिसली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो चूकही नाही, टीबी आहेच तेवढा. पण कितीतरी ठिकाणी गाठ काढून न तपासता, नुसती सुई टोचून किंवा तेही न करता टीबीच्या गोळ्या सुरू होतात. गाठ थोडी बसल्यासारखी वाटते, परत येते, तोवर सहा महिने गेलेले असतात. लिम्फोमाला शक्यतो आख्खी गाठच काढून बघावी लागते, कारण पेशी कशा रचल्यात त्यावर प्रकार ठरतो. माझी गाठ लीड्सच्याच प्रयोगशाळेत गेली, जिथे या भागातल्या रक्ताच्या कॅन्सरचे नमुने एका छताखाली तपासतात. तिथे कोणी ओळखीचं नव्हतं, कोणाला फोन करावा लागला नाही.

आणि रिपोर्ट माझ्या हातात आला. पत्र माझ्या नावाने, प्रत जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला. आमच्या शेजारच्या काकांचा रिपोर्ट आधी जावयाने वाचला, मग मुलाने, मग सुनेच्या भावाने, कारण तो औषध कंपनीचा एमआर. काकांना ‘गाठीचं इन्फेक्शन’ एवढंच सांगितलं. केमोला नेताना ‘ताकदीची सलाईन’ म्हणाले. काका शाळेत चाळीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना कळलं नसेल?

एवढं लिहून झालं की मला माझाच आवाज ऐकू येतो. इकडच्या लोकांसमोर मी असं बोलत नाही.

कारण मजकुरातली एक गोष्ट खरी आहे आणि मी ती ग्रुपवर कधी कबूल करणार नाही. इंग्लंडमध्ये संशय आल्यापासून ६२ दिवसांत ८५ टक्के लोकांचे कॅन्सरचे उपचार सुरू व्हावेत असं लक्ष्य आहे आणि देशभराचा हिशेब धरला तर २०१५ नंतर ते गाठलेलं नाही. माझं थांबणं वेगळं आणि हे थांबणं वेगळं. त्या मजकुराने दोन्ही एकत्र कालवली. पण दुसरं थांबणंही मी चाखलं आहे. सकाळी आठला जीपीच्या फोनरांगेत उभं राहायचं, साडेआठला ‘आजच्या वेळा संपल्या’ ऐकायचं. पहिल्यांदा गाठ दाखवली तेव्हा ‘व्हायरल असेल, परत या’ म्हणाले. मिरजेत असते तर त्याच संध्याकाळी आत्याच्या ओळखीच्या सर्जनकडे सोनोग्राफी झाली असती, हेही मला माहीत आहे.

ऑफिसात एखादी लिंडा एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, शिव्या घालते तेव्हा मी मान डोलावते. तीच लिंडा ‘पण भारतात असं काही मिळतं का?’ असं काळजीने विचारते, तेव्हा माझ्या अंगात कोणीतरी संचारतं. मग मी तिला आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती सांगते: २०२३ मध्ये मान्यता, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरुवात, पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, त्यांना बी-पेशींच्या मागावर लावून परत सोडायच्या, आणि खर्च पाश्चात्त्य किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. रिटक्सिमॅबची आपली आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००७ मध्येच आणली, युरोपात अशी पहिली २०१७ मध्ये आली, हेही सांगते. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या त्या नॉर्थ वेल्समध्ये, आणि दहा वर्षांनी परळला टाटा हॉस्पिटल उभं राहिलं, तेही. बिचारी सँडविच हातात धरून ऐकते. कार-टीचे तीस-चाळीस लाख रुपये मिरजेत कोणाच्या खिशात असतात, हे मी लिंडाला सांगत नाही. ते मी दादासाठी राखून ठेवते.

म्हणजे दादाशी मी इंग्लंडच्या बाजूने भांडते आणि लिंडाशी भारताच्या. दोघांनी एकमेकांशी बोलावं आणि मला सोडावं.

थांबण्याचा आजार इथे निभावतो, कारण इथे कोणी विचारत नाही. निदान झाल्या दिवसापासून कायद्याने नोकरीत संरक्षण आहे, औषधं फुकट मिळायचं सर्टिफिकेट पाकिटात आहे, कॅन्सर पेशंटसाठीच्या मॅकमिलन नर्सचा नंबर फोनमध्ये आहे, कोविडच्या बूस्टरचं पत्र न मागता येतं. घरी सूप आणून देणारं कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटतं. मिरजेत माझा आजार माझा राहिला नसता. सकाळी दूधवाल्याने गाठींची चौकशी केली असती. कोणी उपास धरला असता, कोणी नवस बोललं असतं, आणि गाठी जशाच्या तशा राहिल्यावर त्यांच्या तोंडाकडे मला बघावं लागलं असतं. मी एकटी सुटसुटीत आजारी आहे. लेकाने एडिनबरातून फोन केला की पाच मिनिटांत ‘ऑल गुड?’ ‘ऑल गुड’ होतं. आईने त्याच पाच मिनिटांत माझं वजन आवाजावरून सांगितलं असतं. ती नाही आता.

पण सगळं असंच राहील याची हमी नाही. शंभरात दोन-तीन जणांचा हा आळशी आजार दरवर्षी कूस बदलतो आणि झपाट्याने वाढणारा होतो. तसं झालं तर थांबणं संपलं; मग दादाची केमो, विनक्रिस्टिनसकट. चार-पाच महिने कोणीतरी लागेल. नर्सने मागच्या वेळी फॉर्म भरताना विचारलं, उपचार लागले तर इथेच घेणार ना, की भारतात जायचा विचार आहे? इथेच, म्हणाले. तिने खूण केली. त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. वादबिद काही नाही, सरळ विचारलं, ‘वेळ आली तर येशील ना गं इकडे?’ येईन म्हणाले. थापा मारत होते असं दोन्ही वेळा वाटलं नाही.

डिसेंबरात जायचं म्हणतेय. प्रवासविम्याच्या अर्जात ‘लिम्फोमा’ लिहिलं की आकडा तिकिटाच्या जवळ जातो. न लिहिता जावं असं दरवेळी मनात येतं आणि दरवेळी लिहिते. आत्याने माडीवरची खोली रंगवायला काढली आहे. पांढरा द्यायचा की पिस्ता, विचारत होती. पिस्ता म्हटलं, पांढरा लवकर मळतो.