एसची छत्री

मराठीत मी जातो आणि तोही जातो. दोघं एकाच क्रियापदावर डबलसीट बसतात, कुणाची तक्रार नसते. ‘स’ लागतो तो फक्त ‘तू’ला: तू जातोस. इंग्रजांनी मात्र हा स समोरच्याला न देता, जो तिथे हजरसुद्धा नाही अशाला दिला. ‘ही गोज.’ गैरहजर माणसाला एवढा मान आमच्याकडे फक्त श्राद्धाला मिळतो.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. मी त्याआधीचा, पाचवीत एबीसीडी गिरवलेला. आमच्या सरांनी साधा वर्तमानकाळ एका ओळीत उरकला होता: ‘ही, शी, इट, एस लावा नीट.’ नीट म्हणजे कुठे, ते राहूनच गेलं. ‘बॉय प्लेज’मध्ये एस क्रियापदाला, ‘बॉईज प्ले’मध्ये नामाला. घरात दोन भावांत एकच छत्री असावी, तसला प्रकार. एक घेऊन गेला की दुसऱ्याने भिजत जायचं. त्यात प्रश्न विचारायचा झाला की ‘डू’ कुठूनसा उगवतो, ती छत्री लांबवतो आणि ‘डज’ होऊन मिरवतो. मग क्रियापदाने उघड्यावर उभं राहायचं: ‘डज ही प्ले?’ मला काही ते बघवत नाही. मी ‘डज ही प्लेज’ म्हणतो.

परवा मुलीच्या शाळेत पालकसभा होती. मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमात. आदल्या रात्री तिने माझी तालीम घेतली. ‘बाबा, रोजची गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ. आणि उगाच आयएनजी लावू नकोस.’ हा टोमणा जुना आहे. मागच्या सभेत मी ‘आय ॲम हॅविंग वन डॉटर’ म्हणालो होतो. जणू ती अजून पुरती झालेलीच नाही!

बाईंसमोर पहिलंच वाक्य टाकलं: ‘माय डॉटर स्टडी डेली.’ टेबलाखालून नडगीवर लाथ बसली. त्यानंतर मी हात राखला नाही. आय नोज, वी हेल्प्स, शी डज नॉट वॉचेस टीव्ही. बाई एवढंच म्हणाल्या, ‘शी टॉक्स इन क्लास.’ तो एस असा अलगद येऊन बसला, की तक्रार ऐकायचं सोडून मी मान डोलावत राहिलो.

निघताना मात्र सावध होतो. कुणाकडूनही उठताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ही आईची शिकवण. हात जोडून म्हणालो, ‘ओके मॅडम, आय कम.’

कर्ता आय, एस नाही, काळ साधा वर्तमान. लेकीचा पाय जागचा हलला नाही. त्या आनंदात आम्ही समोरच्या गुऱ्हाळात दोन-दोन ग्लास उसाचा रस प्यालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी लेकीने शाळेतली बातमी आणली. पुढच्या पालकांना थांबवून बाई दहा मिनिटं माझी वाट बघत बसल्या होत्या.