वठलेलं झाड एकटं वाचू नका
निसर्गचित्रांतल्या झाडांच्या प्रतीकांवरचा तुमचा लेख वाचला. वठलेल्या झाडाचा अर्थ त्यात ‘मृत्यू’ असा एका शब्दात उरकलाय, ते पटलं नाही. सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब व्हान राउसडाल याचं ‘ज्यू दफनभूमी’ हे चित्र बघा. थडगी ॲम्स्टरडॅमजवळच्या खऱ्या दफनभूमीतली, पण मागची भग्न वास्तू त्याने दुसरीकडून आणून बसवलेली! म्हणजे हे समोर दिसलेलं दृश्य नव्हे, जाणीवपूर्वक केलेली रचना आहे. आणि चित्रातल्या वठलेल्या, निष्पर्ण झाडाच्या जवळून ओढा वाहतोय, काळ्या ढगांत इंद्रधनुष्य उमटलंय. झाड या आशेच्या खुणांसोबतच वाचायला हवं. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने १८०८ च्या ‘डोंगरावरचा क्रूस’ या चित्रात सदाहरित सूचिपर्णी झाडं आशेसाठी रंगवली, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. त्याचाही उल्लेख लेखात हवा होता.