फट भरत नाही, झाकली जाते

परवा रात्री अकरा वाजता भाच्याचा मेसेज आला : "मामा, हे बघा. नॉचर कॅन्सल करू का?" सोबत एक लांबलचक फॉरवर्ड, 'घरी गाडी बांधणाऱ्यांनो, नॉचरवर पैसे उडवू नका'. ऑफरोडिंगवाल्यांच्या दोन-तीन ग्रुपवर तो मला आधीच येऊन गेला होता आणि मी न वाचता पुढे सरकलो होतो. आता घरातच शिरला म्हटल्यावर वाचणं आलं.

पोरगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकाच माणसाने बसायची बग्गी, म्हणजे खडबडीत रस्त्यावर पळवायची छोटी उघडी गाडी, बांधतोय. पाइपचं टोक दुसऱ्या पाइपच्या गोलाईवर बसवायचं तर त्याला माशाच्या तोंडासारखी खाच काढावी लागते, आणि ती काढणारं साधन म्हणजे नॉचर. गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणाऱ्या त्याच्या पाइपांच्या पिंजऱ्यात अशी ४६ टोकं आहेत. तशी वेळ आली तर त्या ४६ टोकांच्या आत भाचा असणार, फॉरवर्ड लिहिणारा नाही. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डातला पहिला मुद्दा असा : ग्राइंडरने अंदाजे गोलाई मारा, फट राहिली तर वेल्डिंग भरतं, फारच मोठी असेल तर बारीक सळई कोंबा, वेल्ड पाइपपेक्षा मजबूतच असतो.

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. साध्या ६०१३ नंबरच्या वेल्डिंग रॉडने पडलेल्या धातूची ताण सोसायची ताकद चारशे मेगापास्कलच्या वर असते, आणि पाण्याच्या पाइपचं भारतीय मानक किमान ३२० मागतं. म्हणजे धातू विरुद्ध धातू बघितलं तर वेल्ड जिंकतो, हे मान्य. पण तुटतो तो धातू नाही, तुटतो सांधा. पाइप पाइपवर नीट टेकलेला असेल तर दाब पाइपमधून पाइपमध्ये जातो आणि वेल्ड त्यांना धरून ठेवतो. मध्ये चार मिलिमीटरची फट असेल तर सगळा भार त्या ओतलेल्या मुरांब्यावर. शिवाय पाइपच्या तीन मिमी जाड भिंतीवर एवढी फट भरायची तर कडेला भोकं पडतात, ती भरायला पुन्हा रॉड, पुन्हा उष्णता. गार होताना हे सगळं आकसतं आणि पाइपला आपल्याकडे ओढतं. सकाळी गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असलेली फ्रेम संध्याकाळी गुण्यात राहत नाही, मग मालक म्हणतो पाइपच वाकडा होता.

भाच्याला वाद घालून पटत नाही, दाखवावं लागतं. त्याला म्हटलं, त्यांच्याच पद्धतीने एक सांधा कर आणि एक माझ्या पद्धतीने, खाच नीट टेकवून. रविवारी दोन्ही घेऊन आला. खरं सांगतो, फॉरवर्डवाल्या सांध्याचा बीड, म्हणजे वेल्डची वर दिसणारी पट्टी, बाहेरून जास्त देखणा होता, जाड आणि भरलेला. कटर मशीनवर धरून उभा चिरला. आत सहा मिमीची सळई जशी कोंबली तशीच पडून होती. एका बाजूला चिकटलेली, दुसऱ्या बाजूला तिच्या आणि पाइपच्या मध्ये काळी रेघ, रेघेत स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाचा जळका मळ. नखाने उकरला तर भुगा निघाला. दुसरा सांधा चिरला तर वेल्ड कुठे संपतो आणि पाइप कुठे सुरू होतो ते पॉलिश पेपर मारूनही शोधावं लागत होतं.

ही चाचणी माझी नाही. बाहा एसएई या, विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या बग्ग्यांच्या स्पर्धेच्या नियमपुस्तकात ती आहे. भारतात ही स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला सुरू झाली आणि आपल्याकडची कितीतरी कॉलेजं तिथे गाड्या नेतात. पिंजरा वेल्ड करणाऱ्याने दोन नमुने करून दाखवायचे. एक ९० अंशांत जोडलेल्या पाइपांचा, तो तोडायचा. तुटला तर पाइप तुटला पाहिजे, वेल्ड नाही. दुसरा ३० अंशांचा, तो उभा चिरून वेल्ड आतपर्यंत सारखा गेलाय का ते बघायचं. सळई कोंबलेला सांधा या दुसऱ्या नमुन्यात कसा पास होणार, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं. पोरांच्या स्पर्धेला जे चालत नाही ते घरच्या शेडमध्ये कसं चालतं? तिथे तर तपासायलाही कोणी नसतं.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. नॉचर नसला तरी चांगला सांधा होतो. कागदाचा साचा पाइपला गुंडाळायचा, खडूने रेघ मारायची, ग्राइंडरने रेघेबाहेर कापायचं आणि शेवटचं कानशीने. मी उमेदवारी केली तेव्हा असंच शिकलो. पण त्यात 'अंदाजे' काही नव्हतं. आमचा मिस्त्री सांध्यात हॅकसॉचं ब्लेड घालून बघायचा. आत सरकलं तर टोक परत. एका टोकाला पाऊण तास जायचा. चार टोकं असतील तर तेच करा, बिनधास्त. ४६ असतील तर विसाव्या टोकापर्यंत हात थकतो आणि तिथेच सळई आठवते.

दुसरा मुद्दा : होल-सॉचा नॉचर (ड्रिलवर फिरणाऱ्या, वाटीसारख्या दातेरी कटरने कापणारा) खेळणं आहे, घ्यायचाच तर पंचवाला (दाबून खाच पाडणारा) घ्या, सगळे साइज एकाच मशीनवर. साफ खोटं. पंचवाल्याला प्रत्येक साइजची वेगळी डाय, म्हणजे खाच पाडणारा साचा, लागते, जाड भिंतीला तो पुरत नाही, आणि तिरक्या कोनात त्याचा उपयोग मर्यादित. खिडक्यांचे रेलिंग करणाऱ्याला तो ठीक. होल-सॉवाल्याला नावं ठेवायची तर खरं ठेवा : ३८ मिमीच्या पाइपला ९० अंशांत कटर ३८ मिमी आत जातो, पण ३० अंशांच्या सांध्याला ७६. बाजारातल्या बहुतेक कटरची वाटी तेवढी खोल नसते. मग एका बाजूने अर्धं कापून उरलेलं ग्राइंडरने काढावं लागतं. घेताना मशीनचा दांडा हाताने हलवून बघा. कट्-कट् वाजला तर रंग कितीही छान असो, खाली ठेवा.

तिसरा : ड्रिल जितका फास्ट तितका कट साफ. हे वाचून मी मोठ्याने हसलो, बायकोने विचारलं काय झालं. ३८ मिमीच्या बायमेटल (दात एका धातूचे, अंग दुसऱ्या) कटरला दोनशे-अडीचशे आरपीएम पुरे. घरातला छोटा हँड ड्रिल अडीच हजारावर फिरतो. पहिल्याच पाइपात दात निळे पडतात, दुसऱ्यात जातात, आणि मग "चायनाचा कटर" म्हणून शिव्या. हळू फिरणारा ड्रिल घ्या किंवा ओळखीच्या लेथवर जा, आणि तेल सोडत राहा.

चौथा मुद्दा, 'एक इंची पाइपला एक इंची कटर', दिसायला निरुपद्रवी आहे पण यात बरेच जण फसतात. दुकानात ज्याला एक इंची पाइप म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. एक इंच हे आतल्या मापाचं नुसतं नाव. फ्रेमसाठी मिळणारी ट्यूब मात्र बाहेरच्या मापाने विकतात. म्हणून व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) लावल्याशिवाय कटर घेऊ नका. आणि माप कुठल्या पाइपचं? जो कापताय त्याचं नाही, ज्यावर बसवायचाय त्याचं.

जीआय, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेला, पाइप जास्त मजबूत, हा पाचवा. मुलाम्याने ताकद वाढत नाही. झिंक ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळतं त्याच्या कितीतरी आधी, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप. गूळ खाऊन तो उतरत नाही.

आणि जे खरंच अवघड आहे त्याबद्दल फॉरवर्डात एक ओळ नाही. एकाच पाइपच्या दोन टोकांच्या खाचा एकमेकींना धरून हव्यात. पहिली काढल्यावर पाइप दोन अंश फिरला तरी दुसरी वाकडी बसते, आणि हे साधा नॉचर सांभाळत नाही. पाइपवर लांबीभर सरळ रेघ मारा, दोन्ही वेळेला ती रेघ वर ठेवा. बारीक स्पिरिट लेव्हल दोऱ्याने बांधली तरी चालते.

भाच्याने नॉचर कॅन्सल केला नाही. काल रात्री फोटो आला, ९ टोकं झालीत. सातवं मला पटलं नाही. विचारलं तर म्हणाला, "मामा, ब्लेड जातंय त्यात. परत काढतो."